स्टार कुणाला दिसतो?

वाचकांचे प्रश्न : टर्मिनलच्या काळ्या खिडकीतून

या महिन्याच्या पत्रांत पाच पत्रं अशी निघाली की पाचही जण एकाच गाठीशी अडले आहेत. फाइलचं नाव कुठे संपतं आणि शेलला, म्हणजे आपण टाइप केलेली ओळ वाचून चालवणाऱ्या प्रोग्रॅमला, दिलेली कमांड कुठे सुरू होते, हा तो गुंता. बाकीची पत्रं पुढच्या अंकासाठी ठेवते आणि ही पाचच घेते. एक सूचना : आपल्या मासिकाच्या पद्धतीप्रमाणे कमांडही देवनागरीत, उच्चाराबरहुकूम छापल्या आहेत. टर्मिनलवर त्या रोमन अक्षरांत टाइप करायच्या. चिन्हं आणि मोकळ्या जागा मात्र छापल्यात तशाच ठेवायच्या. या सगळ्या गोष्टीत मोकळ्या जागेलाच सर्वांत जास्त किंमत आहे.

प्रश्न : ताई, मी नाशिकला एका करसल्लागारांकडे काम करतो. वीस वर्षं विंडोजवर गेली, आता ऑफिसात उबुंटू लिनक्स आलं आहे. जुन्या सवयीने मी फाइलींची नावं बदलायला 'रेन *.टीएक्सटी *.बॅक' या धर्तीवर 'एमव्ही *.टीएक्सटी *.बॅक' असं लिहिलं. फोल्डरमध्ये हिशोबाची एकच टीएक्सटी फाइल होती. ती दिसेनाशी झाली आणि चक्क '*.बॅक' अशा नावाची फाइल दिसू लागली. त्यानंतर त्या फोल्डरमध्ये चाळीसेक खऱ्या बॅक फाइलीही जमा झाल्या आहेत. ही एक विचित्र फाइल कशी काढू?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : काढू नका! तीच तुमची हिशोबाची फाइल आहे, फक्त नाव बदललेली. आणि फाइली पुसणारी 'आरएम *.बॅक' ही कमांड तर चुकूनही लिहू नका, तिच्याबरोबर त्या चाळीसही जातील. असं करा :

एमव्ही '*.बॅक' हिशोब.टीएक्सटी

एकेरी अवतरणचिन्हांच्या आत जे असेल त्याला शेल हात लावत नाही. त्यामुळे हा स्टार निव्वळ एक अक्षर म्हणून एमव्हीपर्यंत पोचतो आणि बरोबर त्याच नावाची फाइल उचलली जाते.

आता हे झालं कसं ते नीट समजून घ्या, कारण पुढच्या चारही उत्तरांचा पाया इथेच आहे. डॉसमध्ये आणि विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टमध्ये स्टार जसाच्या तसा प्रोग्रॅमच्या हाती पडतो. त्याचं काय करायचं ते 'रेन' स्वतः ठरवतो. युनिक्स-लिनक्समध्ये उलट आहे. तुम्ही एंटर दाबलंत की आधी शेल ती ओळ वाचतो, स्टारच्या जागी जुळणारी सगळी नावं लिहून काढतो आणि मग ती यादी प्रोग्रॅमला देतो. लग्नपत्रिकेवर आपण 'सहकुटुंब सहपरिवार' लिहितो, पण आचाऱ्याला पानं किती ते नेमकं सांगावं लागतं. घरातलं कुणीतरी बसून त्या दोन शब्दांची माणसं मोजतं. ते काम इथे शेल करतो. एमव्हीला, आरएमला, प्रत काढणाऱ्या सीपीला स्टार एरवी दिसतच नाही.

तुमच्या ओळीत पहिल्या स्टारला एक फाइल जुळली. दुसऱ्याला काहीच जुळलं नाही, कारण तेव्हा तिथे बॅक फाइल नव्हती. काहीच जुळलं नाही तर बॅश, म्हणजे उबुंटूचा नेहमीचा शेल, तो नमुना तसाच पुढे पाठवतो. म्हणजे एमव्हीला मिळाले दोन शब्द : हिशोबाच्या फाइलचं नाव आणि '*.बॅक'. त्याने सांगितलेलं काम इमानाने केलं.

ही वाटणी फार जुनी आहे. बेल लॅब्जमध्ये १९७१ साली युनिक्सच्या पहिल्या आवृत्तीचं मॅन्युअल निघालं तेव्हा हे काम शेलच्याही बाहेर, 'ग्लोब' नावाच्या वेगळ्या छोट्या प्रोग्रॅमकडे होतं. 'ग्लोबल' या शब्दाचं ते आखूड रूप. आजही जाणकार या प्रकाराला 'ग्लोबिंग'च म्हणतात. तो ग्लोब काहीच जुळलं नाही तर 'नो मॅच' म्हणून थांबायचा, कमांड चालवायचाच नाही. पुढे १९७९ च्या सातव्या आवृत्तीत स्टीफन बोर्न यांचा शेल आला. त्याने हे काम स्वतःकडे घेतलं आणि न जुळलेला नमुना तसाच सोडून देण्याची रीत पडली. बॅशने तीच उचलली. मला जुनी रीत जास्त सुरक्षित वाटते. मॅकवर २०१९ पासून मुख्य शेल असलेला झेडशेल तसाच अडून बसतो. बॅशमध्येही 'शॉप्ट -एस फेलग्लोब' लिहून तो शहाणपणा आणता येतो.

याच जागी मी एकदा फार मोठी किंमत मोजली आहे, ती सांगते. १९९७-९८ चा गाळप हंगाम. कोल्हापूर जिल्ह्यातल्या एका साखर कारखान्याच्या संगणक विभागात मी रात्रपाळीला होते. वजनकाट्यावरच्या ऊसपावत्यांच्या रोजच्या फाइली युनिक्स मशीनवर साठत. पहाटे तीनच्या सुमारास डिस्क भरत आली म्हणून जुन्या बॅक फाइली काढायला घेतल्या. लिहायचं होतं 'आरएम *.बॅक'. लिहिलं गेलं :

आरएम * .बॅक

स्टारनंतर अंगठ्याने एक स्पेस दिली, एवढंच. पडद्यावर एकच ओळ आली की '.बॅक' नावाची फाइल सापडत नाही. मला वाटलं काहीच झालेलं नाही, नाव चुकलं असेल. मग फाइलींची यादी दाखवणारं एलएस केलं आणि खाली रिकामी ओळ आली. शेलने स्टारच्या जागी तिथल्या सगळ्या फाइली लिहिल्या होत्या, आरएमने त्या पुसल्या होत्या, आणि शेवटी '.बॅक' नावाची फाइल मिळाली नाही म्हणून त्याने तक्रार केली होती. टेपवरचा बॅकअप दोन दिवसांपूर्वीचा होता. मधल्या दोन दिवसांच्या पावत्या कार्बन कॉपीवरून तिघांनी पुन्हा भरल्या. शेतकऱ्यांची बिलं त्या आकड्यांवर निघणार होती, एकही वजन इकडचं तिकडे होऊन चालणार नव्हतं.

तेव्हापासून पुसणारी कोणतीही कमांड मी आधी 'एको' लावून चालवते :

एको आरएम *.बॅक

शेल स्टार उलगडतो, एको नुसती ओळ छापतो. आपण काय मागतो आहोत ते डोळ्यांना दिसतं. मग वरचा बाण दाबायचा, एको खोडायचा आणि एंटर. आरएमला मोठ्या लिपीतला 'आय' लावला तर तीनपेक्षा जास्त फाइली पुसताना तो एकदा विचारतो, तेही चांगलं. अशी एखादी स्पेस अनुभवी लोकांच्याही हातून जाते. २०११ मध्ये 'बंबलबी' नावाच्या लिनक्स प्रकल्पाच्या इन्स्टॉल स्क्रिप्टमध्ये '/यूएसआर' नंतर एक स्पेस ज्यादा पडली. एक लहानसं उपफोल्डर काढायचं होतं, तर लोकांच्या मशीनवरचं पूर्ण यूएसआर फोल्डरच निघून गेलं.

प्रश्न : मी नांदेडला अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. नावांची यादी उलट्या क्रमाने लावायची होती, म्हणून 'सॉर्ट -आर यादी' ऐवजी गडबडीत 'सॉर्ट यादी > -आर' लिहिलं. त्यामुळे '-आर' नावाची फाइल झाली. ती आणि बाकीच्या सुट्या फाइली काढायला 'आरएम *' केलं. आरएम फोल्डर पुसत नाही असं सरांनी शिकवलं होतं. पण माझं 'प्रोजेक्ट' हे अख्खं फोल्डर गेलं, आणि '-आर' ही फाइल मात्र तशीच आहे! हे कसं शक्य आहे?
– एक विद्यार्थिनी, नांदेड

उत्तर : तुमचं पत्र वाचून वाईट वाटलं. सेमिस्टरचं काम जाणं काय असतं ते मला कळतं. आधी ते बघू : त्या डिस्कवर आणखी काही लिहू नका आणि प्रोजेक्टची प्रत मैत्रिणीकडे, ईमेलमध्ये किंवा गिटवर कुठे आहे का ते शोधा. आरएमने पुसलेलं कचरापेटीत जात नाही.

सरांनी शिकवलं ते बरोबरच आहे, फक्त त्यात एक अट होती. साधा आरएम फोल्डरला हात लावत नाही, '-आर' हा पर्याय दिला तर लावतो. शेलने तुमचा स्टार उलगडला तेव्हा आरएमच्या हाती अशी ओळ पडली :

आरएम -आर नोट्स प्रोजेक्ट यादी

यातला '-आर' फाइलच्या नावातून आला की तुमच्या बोटांतून, हे आरएमला कळायला मार्गच नाही. त्याच्यापुढे नुसते शब्द असतात. डॅशने सुरू होणारा शब्द त्याने पर्याय म्हणून घेतला. म्हणून फोल्डर पुसलं गेलं आणि '-आर' नावाची फाइल वाचली, कारण फाइल म्हणून तिचा विचारच झाला नाही. लिनक्सवरचा जीएनयू आरएम पर्याय ओळीच्या शेवटी आला तरी मानतो, त्यामुळे यादीत ती फाइल कितव्या जागी आली यानेही फरक पडला नसता.

ती फाइल आता अशी काढा :

आरएम ./-आर

'./' म्हणजे 'याच फोल्डरमधली'. आता शब्दाची सुरुवात टिंबाने होते, डॅशने नाही, त्यामुळे तो पर्याय ठरू शकत नाही. 'आरएम -- -आर' असंही चालतं. दोन डॅश म्हणजे 'पर्याय इथे संपले, पुढे सगळी नावंच'. मला स्वतःला './' अधिक आवडतं, कारण दोन डॅशची खूण प्रत्येक प्रोग्रॅम पाळतोच असं नाही. './' मात्र कुठेही चालतं. म्हणून हाताला सवय लावून घ्या : 'आरएम *' ऐवजी 'आरएम ./*'.

या सवयीला सुरक्षेचीही बाजू आहे. २०१४ मध्ये एक शोधलेख गाजला होता. त्यात दाखवलं होतं की अनेकांनी वापरायच्या फोल्डरमध्ये मुद्दाम डॅशने सुरू होणाऱ्या नावांच्या फाइली करून ठेवल्या आणि रात्रीच्या बॅकअपमध्ये रूटच्या, म्हणजे मुख्य व्यवस्थापकाच्या, अधिकाराने 'टार' हा फाइली एकत्र बांधणारा प्रोग्रॅम चालताना शेवटी नुसता स्टार असला, तर टार त्या नावांना स्वतःचे पर्याय समजून हवी ती स्क्रिप्ट चालवतो. तुमच्या कॉलेजच्या सर्व्हरवर असं काही चालू असेल तर सरांना हे जरूर सांगा.

काही जुने लोक महत्त्वाच्या फोल्डरमध्ये '-आय' नावाची रिकामी फाइल ठेवतात, म्हणजे कुणी 'आरएम *' केलं तर आरएम प्रत्येक फाइलला विचारेल. युक्ती चालते, पण फक्त त्याच फोल्डरात आणि फक्त उघड्या स्टारपुढे. बाहेरून कुणी ते फोल्डरच पुसलं तर ती फाइल काहीच वाचवत नाही. त्यापेक्षा बॅकअप ठेवा.

प्रश्न : आमच्या ग्रंथालयात जुन्या दिवाळी अंकांचं स्कॅनिंग चालू आहे. फाइलींना 'दिवाळी अंक १९६२.पीडीएफ' अशी नावं आहेत. एलएस केल्यावर या नावांभोवती एकेरी अवतरणचिन्हं दिसतात. ती कुणी घातली? काढायला गेलो तर निघत नाहीत. शिवाय सगळ्या फाइली दुसऱ्या डिस्कवर नेणारी एक लहान स्क्रिप्ट लिहिली, ती 'दिवाळी' सापडत नाही, 'अंक' सापडत नाही, असं म्हणत राहते.
– एक ग्रंथपाल, सातारा जिल्हा

उत्तर : ती चिन्हं नावात नाहीतच, म्हणून निघत नाहीत. एलएस ज्या संचात येतो त्या जीएनयू कोअरयुटिल्सच्या ८.२५ या आवृत्तीपासून, म्हणजे जानेवारी २०१६ पासून, एलएस पडद्यावर दाखवताना स्पेस असलेल्या नावाला अवतरणात घालतो. हेतू असा की नाव कुठे सुरू होतं आणि कुठे संपतं ते कळावं, आणि तेच उचलून कमांडमध्ये ठेवता यावं. नको असेल तर 'एलएस -एन' करा, एन मोठ्या लिपीतला. मी राहू देते.

तुमची स्क्रिप्ट पत्रासोबत होती, ती पाहिली. त्यात 'फॉर फाइल इन $(एलएस)' असं आहे. शेल त्या एलएसचं उत्तर घेतो आणि जिथे जिथे स्पेस दिसेल तिथे तोडतो. एका अंकाचे तीन तुकडे होतात : 'दिवाळी', 'अंक' आणि '१९६२.पीडीएफ'. एलएसचं उत्तर माणसाने वाचायसाठी असतं, स्क्रिप्टने नव्हे. स्टार थेट वापरा :

फॉर फाइल इन ./*.पीडीएफ
डू
सीपी "$फाइल" /मीडिया/डिस्क२/
डन

यातल्या दोन गोष्टींची जागा लक्षात घ्या. स्टार अवतरणाबाहेर आहे, कारण तो उलगडायला हवा. स्टारमधून निघालेलं नाव शेल पुन्हा तोडत नाही, स्पेससकट एकसंध राहतं. पण तेच नाव '$फाइल' मधून बाहेर काढलं की शेल परत त्याचे तुकडे करायला बघतो. म्हणून तिथे दुहेरी अवतरण हवंच. हे दुहेरी अवतरण विसरल्याचा सर्वांत कडू प्रसंग नोव्हेंबर २००१ चा. ॲपलच्या आयट्यून्स २.० च्या मॅक ओएस टेनवरच्या इन्स्टॉलरमध्ये डिस्कच्या नावाभोवती अवतरणचिन्हं नव्हती. ज्यांच्या डिस्कच्या नावात स्पेस होती त्यांतल्या काहींच्या डिस्कवरचा सगळा मजकूर पुसला गेला. कंपनीने घाईघाईने २.०.१ आणलं.

नावात स्पेसच कशाला, पूर्ण नवी ओळसुद्धा असू शकते. लिनक्सला फाइलच्या नावात फक्त दोन बाइट चालत नाहीत : तिरपी रेघ, कारण ती फोल्डर वेगळे करते, आणि शून्य बाइट, कारण तिथे नाव संपतं. बाकी सगळं चालतं. म्हणून हजारो नावं एका प्रोग्रॅमकडून दुसऱ्याकडे पाठवायची झाली तर मध्ये शून्य बाइट ठेवणं हाच खात्रीचा मार्ग : 'फाइंड . -प्रिंट० | एक्सआर्ग्ज -०'. फाइंड फाइली शोधतो, एक्सआर्ग्ज ती नावं पुढच्या कमांडला देतो. इतकी वर्षं ही सोय अधिकृत मानकात नव्हती. पॉसिक्स या युनिक्सच्या मानकाच्या २०२४ च्या आवृत्तीने ती अधिकृत केली. तुमच्या अंकांना स्पेस राहू द्यायला हरकत नाही. नावं वाचता येणं हे ग्रंथालयाचं पहिलं काम, स्क्रिप्टने त्याला जुळवून घ्यावं.

प्रश्न : मी राजापूर तालुक्यात शिक्षिका आहे. शाळेच्या लिनक्स संगणकावर एकाच फोल्डरमध्ये 'अपुऱ्या.ओडीटी' या एकाच नावाच्या दोन फाइली आहेत. असं होऊ शकत नाही असं ऐकलं होतं. एक मी केलेली, दुसरी सहकाऱ्यांनी त्यांच्या जुन्या मॅकवरून झिप करून पाठवली. नाव टाइप केलं की नेहमी माझीच उघडते. ते म्हणतात, मराठी नावं ठेवणं सोडून द्या. सोडू का?
– एक शिक्षिका, जि. रत्नागिरी

उत्तर : सोडू नका. हे मी मनापासून सांगते. मराठी नावं लिनक्सवर नीट चालतात, आणि त्यामागे फार सुंदर काम आहे. १९९२ मध्ये केन थॉम्प्सन आणि रॉब पाइक यांनी यूटीएफ-८ ही लेखनपद्धत आखली तेव्हा त्यांनी एक पथ्य पाळलं : इंग्रजीबाहेरच्या कोणत्याही अक्षराच्या बाइटांत तिरपी रेघ, शून्य किंवा इतर जुनं चिन्ह कधीही येणार नाही. म्हणूनच वीस-एकवीस वर्षं जुन्या युनिक्समध्ये काहीही न मोडता 'अपुऱ्या' हे नाव बसू शकलं. ही सोय आपल्यासाठीही केलेली आहे, ती हक्काने वापरावी.

आता तुमचं कोडं. त्या दोन फाइलींची नावं दिसायला सारखी आहेत, बाइटांनी नाहीत. गडबड 'ऱ्या'मध्ये आहे. तुमच्या कीबोर्डने 'ऱ' हे एकच अक्षर लिहिलं : ऱ, हलन्त, य, काना. मॅकच्या जुन्या एचएफएस प्लस डिस्कवर नावं साठवताना 'ऱ' सारखी नुक्ता जोडून झालेली अक्षरं सुटी केली जातात. तिथे 'ऱ' चा झाला 'र' आणि खाली वेगळा नुक्ता. झिपमधून तसाच तो तुमच्याकडे आला. आणखी एक तिसरी रीतही सापडते : साधा 'र', हलन्त, मग झेडडब्ल्यूजे नावाचं डोळ्यांना न दिसणारं सांधणारं चिन्ह, मग 'य'. पडद्यावर तिन्ही एकसारखे. 'तऱ्हा', 'सुऱ्या', 'वाऱ्यावर' अशा प्रत्येक नावात ही शक्यता आहे.

न दिसणारं डोळ्यांनी पाहायचं असेल तर :

एलसी_ऑल=सी एलएस -बी

इथे एलएस देवनागरीचा प्रत्येक बाइट आकड्यांत छापतो. तुमच्या 'ऱ' च्या जागी \३४०\२४४\२६१ दिसेल, तीन बाइट. सहकाऱ्यांच्या फाइलीत \३४०\२४४\२६० आणि पुढे \३४०\२४४\२७४, म्हणजे र आणि नुक्ता, सहा बाइट. झेडडब्ल्यूजे असलं तर \३४२\२००\२१५ हे त्रिकूट कुठेतरी दिसेल.

आणि आता ती फाइल उचलायची कशी? प्रश्नचिन्ह हेही स्टारसारखंच वाइल्डकार्ड, पण ते नेमकं एका चिन्हाशी जुळतं. शेलच्या दृष्टीने चिन्ह म्हणजे आपण मोजतो ते अक्षर नव्हे. काना, मात्रा, हलन्त, नुक्ता प्रत्येकी एक. 'श्री' आपल्याला एक अक्षर वाटतं, शेलला ती चार चिन्हं आहेत : श, हलन्त, र, दीर्घ वेलांटी. म्हणून 'श्री' ला '????' लागतात. हाच हिशोब इथे कामी येतो. तुमच्या फाइलीत 'अपु' नंतर चार चिन्हं आहेत, सहकाऱ्यांच्या फाइलीत पाच. तेव्हा :

एलएस अपु????.ओडीटी

यात फक्त तुमची येईल, आणि

एमव्ही अपु?????.ओडीटी अपुऱ्या-सहकारी.ओडीटी

यात फक्त त्यांची जाईल. मी हे घरी दोन्ही नावं करून पाहिलं आणि मगच लिहिलं. तरी तुम्ही आधी एको लावा. प्रश्नचिन्हं मोजताना चूक होण्याची भीती वाटली तर 'एलएस -आय' करा. प्रत्येक फाइलपुढे तिचा आयनोड, म्हणजे डिस्कवरचा ओळख क्रमांक, येईल. मग नाव न लिहिताच 'फाइंड . -आयनम' पुढे तो क्रमांक देऊन हवी ती फाइल धरता येते. दोहोंपैकी एक पुसण्याआधी दोन्ही उघडून पाहा. नाव सारखं म्हणजे मजकूर सारखा असं समजू नका.

मॅकवरून आलेल्या फाइली खूप असतील तर 'कन्व्हएमव्ही' हे साधन '--एनएफसी' या पर्यायाने सुटे नुक्ते परत जोडून देतं. ते आधी नुसतं काय करणार ते दाखवतं आणि '--नोटेस्ट' दिल्याशिवाय नाव बदलत नाही, म्हणून मला ते आवडतं. झेडडब्ल्यूजे मात्र ते काढत नाही, तिथे नाव हातानेच बदलावं लागेल.

शाळेसाठी एक शेवटची गोष्ट. लिनक्सच्या नेहमीच्या डिस्कवर नावाची मर्यादा २५५ बाइट आहे. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेतं, म्हणजे आपल्याला फक्त ८५ चिन्हं मिळतात. एकटा 'महाराष्ट्र' हा शब्दच ३० बाइटांचा. विंडोजची एनटीएफएस डिस्क २५५ बाइटांऐवजी तितकी एककं मोजते (देवनागरीचं प्रत्येक चिन्ह म्हणजे एक एकक), त्यामुळे तिथे आपल्याला जवळजवळ तिप्पट लांब नाव चालतं. तालुक्याहून आलेली परिपत्रकाच्या पूर्ण विषयाएवढ्या नावाची फाइल तुमच्याकडे उतरत नसेल तर कारण हे असू शकतं. नाव आखूड करून पाठवायला सांगा.

प्रश्न : एका बांधकामाचे टाइमलॅप्स फोटो काढतो. एका फोल्डरमध्ये तीन लाखांवर जेपीजी झाले. 'आरएम *.जेपीजी' केलं तर 'आर्ग्युमेंट लिस्ट टू लाँग' येतं. डिस्क बिघडली का?
– एक छायाचित्रकार, पणजी

उत्तर : डिस्क ठणठणीत आहे. शेलने तीन लाख नावांची यादी केली, पण एका प्रोग्रॅमला एका वेळी देता येणाऱ्या शब्दांना कर्नलची, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याची, मर्यादा असते. लिनक्सवर ती साधारण २ एमबी असते. २००७ च्या २.६.२३ या कर्नलआधी तर ती १२८ केबीच होती. वीस-वीस बाइटांची तीन लाख नावं त्यात मावणार नाहीत. यादी शेलकडून करून घेऊच नका, फाइंडला सांगा. आधी नुसतं पाहा :

फाइंड . -मॅक्सडेप्थ १ -नेम '*.जेपीजी'

नावं बरोबर वाटली की याच ओळीच्या अगदी शेवटी '-डिलीट' जोडा. शेवटीच. फाइंड डावीकडून उजवीकडे चालतो, '-डिलीट' नावाच्या अटीआधी आलं तर ती अट बघण्याआधीच सगळं पुसलं जाईल. आणि स्टारभोवतीची अवतरणचिन्हं गाळू नका. नाशिकच्या वाचकांना मी सांगितलं की प्रोग्रॅमला स्टार एरवी दिसत नाही. फाइंडचं तसं नाही. इथे जुळणी तो स्वतः करतो, तेव्हा स्टार शेलच्या हातून निसटून त्याच्यापर्यंत पोचायला हवा.